शिधा बांधून दिलेला प्रोग्रॅम

मासेमारी बोटींना लागणाऱ्या डिझेलवरचा मूल्यवर्धित कर राज्य सरकार परत देतं. पण तो आपोआप परत येत नाही. कुठल्या बोटीने किती लिटर भरलं, बोटीचा नोंदणी क्रमांक काय, इंजीन किती सिलिंडरचं, परवाना कधीपर्यंतचा, हे सगळं तक्त्यात मांडून सोसायटीमार्फत मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवावं लागतं. एखादा आकडा जुळला नाही की कागद परत येतात आणि नाखव्याचे पैसे अडकतात. वसईच्या पाचूबंदरला माझ्या मामाची बोट आहे. सोसायटीतल्या ज्या ताईंच्या गळ्यात हा तक्ता पडला आहे, त्या मामाच्याच आळीतल्या.

मी मालाडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. घरच्यांच्या लेखी याचा अर्थ एवढाच, की प्रिंटर अडकला, मोबाइल हँग झाला किंवा आधार लिंक होत नसलं तर मला फोन करायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी सांधायला काढलेली, सोसायटीतही जरा उसंत. त्या दिवसांत ताईंच्या शेजारी बसून मी त्यांचं काम पाहिलं. डिझेलच्या पावत्यांची नोंद एका एक्सेल फाइलमध्ये, बोटींची यादी दुसरीत, आणि या दोन्हींतून तिसरा तक्ता हाताने, कॅल्क्युलेटर घेऊन. मी घरी बसून पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. दोन फाइली वाचायच्या, नोंदणी क्रमांकावरून एकमेकींना जोडायच्या, बोटवार बेरीज करायची, बोटीच्या डिझेल-कोट्याबाहेर गेलेलं लिटर लाल करायचं आणि मराठीत पीडीएफ काढायची. सगळ्या मिळून दीड-दोनशे ओळी. माझ्या लॅपटॉपवर अख्खा महिना चहा ओतून होईपर्यंत हातावेगळा व्हायचा.

इथपर्यंत कोणीही येतो. पुढचं काम म्हणजे ही स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवरून उचलून ताईंच्या टेबलावर ठेवणं, आणि प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत त्याला शेवटचं एखादं पान मिळालं तर मिळतं.

सोसायटीचा संगणक कसा आहे ते आधी सांगते. खोली बंदराच्या अंगाला. उन्हाळ्यात बाहेर वलांड्यांवर बोंबील वाळत असतात आणि खारा वारा खिडकीतून थेट आत. संगणकाच्या पुढच्या बाजूचे यूएसबीचे खाचे गंजून गेलेत. पेनड्राइव्ह लावायचा तर टेबलाखाली वाकून मागच्या बाजूने. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. विंडोज ७, तेही ३२ बिटचं, २ जीबी मेमरी. इंटरनेट म्हणजे ताईंच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. आणि तरीही हे यंत्र वर्षानुवर्षं पावत्या छापतं आहे, त्यामुळे 'नवीन घ्या' असं म्हणण्याचा मला काही अधिकार नव्हता.

माझा लॅपटॉप उबंटूचा. स्क्रिप्टच्या डोक्यावर मी तीन लायब्रऱ्यांची नावं लिहिली होती: तक्ते जोडायला पँडाज, एक्सेल वाचायला ओपनपायएक्सएल, पीडीएफसाठी रिपोर्टलॅब. पण पँडाजला नमपाय लागते. तारखांसाठी डेटयुटिल लागते, डेटयुटिलला सिक्स नावाची एक चिमुकली लायब्ररी लागते. ओपनपायएक्सएलला एक्सएमएल लिहिणारी आणखी एक. रिपोर्टलॅबला चित्रं हाताळणारी पिलो. तीन नावं लिहिली की तिप्पट पाहुणे घरात येतात. त्यातही नमपायसारख्या लायब्रऱ्यांचा मोठा भाग सी भाषेतला, म्हणजे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आणि ३२ की ६४ बिट यानुसार वेगळा बांधलेला. उबंटूवरचा फोल्डर तसाच विंडोजवर नेऊन ठेवला तर त्याचा उपयोग शून्य.

मामा मागे उभा राहून हे ऐकत होता. म्हणाला, "अगं बाय, बोट जाते तेव्हा बर्फ, डिझेल, पाणी, तांदूळ, मसाला, सगळं धक्क्यावरच भरून घेतो की नाही? दर्यात दुकान असतं का?" मला जे समजवायला अर्धा तास लागला असता ते त्याने एका दमात सांगून टाकलं. लायब्रऱ्यांसह स्क्रिप्ट बांधायची ती एवढ्याचसाठी: पोचल्यावर तिथे काहीच मिळणार नाही असं धरून निघायचं.

आजकालची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. स्क्रिप्टने नुसती नावं सांगायची आणि पायथनच्या पिप या साधनाने ती इंटरनेटवरून आणायची. नवी साधनं तर आणखी पुढे गेलीत. स्क्रिप्टच्या पहिल्या चार ओळींत लायब्रऱ्यांची यादी लिहिली की तेवढ्यावरून ती सगळं ओढून घेतात. बंगलोरच्या ऑफिसात हे उत्तम. पण जाळ्यावर विसंबण्याचं एक टोक २०१६ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून एका प्रोग्रॅमरने वादावादीनंतर आपल्या लायब्रऱ्या काढून घेतल्या. त्यात लेफ्टपॅड नावाची एक होती, जेमतेम अकरा ओळींची. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणं एवढंच तिचं काम. तिच्यावर टेकलेल्या दुसऱ्या, दुसऱ्यांवर टेकलेल्या तिसऱ्या, असं करत मोठमोठ्या कंपन्यांचं काम काही तास खोळंबलं. एनपीएमला ती लायब्ररी परत आणून ठेवावी लागली. तिथे निदान जाणते लोक होते. पाचूबंदरला ताई काय करणार?

ऑफिसातल्या एका मित्राने लगेच सुचवलं, डॉकर कर. डॉकर २०१३ मध्ये आलं आणि प्रोग्रॅमसोबत त्याला लागणारी जवळजवळ अख्खी यंत्रणा बांधून पाठवायची सोय झाली. ३२ बिटच्या विंडोज ७ वर ते बसतच नाही, हे त्याला सांगितल्यावर तो गप्प झाला. असले सल्ले देणाऱ्यांना समोरचं यंत्र एकदा दाखवायला हवं.

पहिला विचार केला तो साधा होता. पायथन त्या संगणकावरच बसवायचं आणि लायब्रऱ्यांच्या फाइली पेनड्राइव्हवरून न्यायच्या. पिपला सांगता येतं की इंटरनेटवर जाऊ नकोस, या फोल्डरमध्येच शोध. या फाइलींना व्हील म्हणतात आणि त्यांच्या नावातच सगळी कुंडली असते: कुठल्या पायथनसाठी, कुठल्या सिस्टीमसाठी, किती बिटची. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन म्हणजे ३.८, ३.९ पासून त्या सिस्टीमचा आधारच काढून घेतला आहे. म्हणजे ३.८ ला आणि ३२ बिटला जुळणाऱ्या जुन्या आवृत्त्या एकेक करून निवडायच्या. हे जमतं. पण यात ताईंच्या संगणकावर पायथन, त्याचे मार्ग, त्याच्या लायब्रऱ्या असा पसारा उभा राहतो, आणि उद्या कोणी दुरुस्तीवाला येऊन यंत्र फॉरमॅट करून गेला की सगळं संपलं. ताईंनी प्रश्नही तोच विचारला. "तू लग्न होऊन गेलीस कुठे लांब, तर हे कोण बसवणार?" लग्नाचा विषय मी टाळला, प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

मग पायइन्स्टॉलर घेतलं. त्याची रीत समजायला सोपी आहे. ते तुमची स्क्रिप्ट वाचतं, तिने कुठल्या लायब्रऱ्या मागवल्यात ते पाहतं, त्या लायब्रऱ्यांनी पुढे कुणाला मागवलंय ते पाहतं, आणि असा माग काढत सगळं गोळा करून पायथनच्या इंजिनासकट एका फोल्डरमध्ये ठेवतं. त्यात एक इएक्सई फाइल असते, तिच्यावर दोनदा टिचकी मारली की काम सुरू. समोरच्या संगणकावर पायथन असायची गरज नाही. एक अट मात्र आहे: ज्या सिस्टीमसाठी हवं त्याच सिस्टीमवर बांधायचं. उबंटूवर बसून विंडोजची इएक्सई काढता येत नाही.

चुलतभावाच्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं, तिथे पहिली प्रत बांधली. ती सोसायटीत नेऊन उघडली तर पडद्यावर एक चौकट: 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशा नावाने सुरू होणारी डीएलएल फाइल सापडत नाही. सी भाषेच्या मूळ सोयी पुरवणाऱ्या या फाइली विंडोज १० मध्ये जन्मापासून असतात. ७ मध्ये त्या मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटने येतात, आणि सोसायटीच्या यंत्राने अपडेटचं तोंड पाहून जमाना झाला होता. यातून या धंद्यातला एक जुना नियम पटतो: सगळ्यात म्हाताऱ्या यंत्रावर बांधायचं. जुन्यावर बांधलेलं बहुतेक वेळा नव्यावर चालतं, उलटं होईलच याची खात्री नाही. लिनक्सवर काम करणारेही म्हणूनच जुन्या आवृत्तीवर बसून प्रत काढतात. शेवटी मी व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिटचं विंडोज ७ उभं केलं, त्यात ते अपडेट आणि पायथन ३.८ घातलं आणि पुढच्या सगळ्या प्रती तिथेच बांधल्या.

पायइन्स्टॉलरमध्ये दोन तऱ्हा असतात. एक, फोल्डर. दुसरी, सगळं कोंबून एकच फाइल. एकच फाइल दिसायला फार देखणी, कुणालाही ती आवडते. पण तिचं गुपित असं, की दर वेळी उघडताना ती आपल्या पोटातलं सगळं विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून मांडते, मग काम सुरू करते, आणि काम संपलं की आवरून ठेवते. त्या यंत्रावर हे मांडणंच इतका वेळ खायचं की ताई 'उघडलं नाही वाटतं' म्हणून पुन्हा टिचकी मारायच्या आणि दोन प्रती एकदम चालू व्हायच्या. त्यात वीज. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. मधेच वीज गेली की आवरायला कोणी उरत नाही आणि तो पसारा तात्पुरत्या फोल्डरमध्ये तसाच पडून राहतो. असे मेलेले फोल्डर त्या लहानशा डिस्कवर साचत गेले. शिवाय अँटिव्हायरसने त्या एकाच फाइलला धोकादायक ठरवून कोपऱ्यात टाकलं. यात नवल नाही. व्हायरस लिहिणारेही हेच फुकटचं साधन वापरतात, त्यामुळे पायइन्स्टॉलरने चढवलेला आरंभीचा भाग दोघांचाही सारखाच असतो. तेव्हा देखणेपण सोडलं आणि फोल्डरची तऱ्हा घेतली. डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट, त्याला बोटीचं चित्र.

आता मराठीचा प्रश्न. जुन्या एक्सेल फाइलमधली नावं युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली होती. म्हणजे पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. ती बदलून घ्यायला मी कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर याची एक वेगळी फाइल केली होती. पायइन्स्टॉलर लायब्रऱ्यांचा माग काढतं, अशा सुट्या फाइलींचा नाही. त्या त्याला वेगळ्या सांगाव्या लागतात. शिवाय प्रोग्रॅम बांधल्यावर तो स्वतःला कुठे ठेवून चालतो आहे हे बदलतं, म्हणून 'माझ्या शेजारी पडलेली फाइल' हा पत्ताही स्क्रिप्टमध्ये विचारून घ्यावा लागतो. हे सगळं केलं आणि पीडीएफ निघाली. पीडीएफमध्ये 'डिझेल'मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली होती आणि 'मच्छिमार'मधला अर्धा च पाय मोडून हलन्त झाला होता. मराठी अक्षरं जोडून बसवणं हे वेगळं शास्त्र आहे, आणि मी वापरत होते त्या लायब्ररीला ते येत नव्हतं.

इथे एक पर्याय होता: अक्षरं जोडणारी आणखी एक लायब्ररी आणायची, तिला लागणारी आणखी एक, तिच्या ३२ बिटच्या प्रती शोधायच्या. मी दोन दिवस त्या वाटेने गेलेही. मग ताईंना विचारलं, तुम्हाला पीडीएफ कशाला हवी? त्या म्हणाल्या, "मला कुठे हवीय? मला कागद हवा, सही-शिक्का मारायला."

म्हणजे छपाई हवी होती. छपाईसाठी ब्राउझर त्या संगणकावर होताच, आणि ब्राउझरला मराठी जोडाक्षरं नीट बसवता येतात. विंडोजमध्ये मंगल हा फॉन्टही आयता. स्क्रिप्टने साधं वेबपान लिहायचं, ते ब्राउझरमध्ये उघडायचं, ताईंनी प्रिंटचं बटण दाबायचं. रिपोर्टलॅब गेली, तिच्यामागोमाग पिलो गेली. मग हात चालूच ठेवला. दोन तक्ते एका क्रमांकावरून जोडायला पँडाजसारखी अवाढव्य लायब्ररी कशाला? पायथनच्या स्वतःच्या शब्दकोशाच्या रचनेत ते काम पंचवीसेक ओळींत झालं. पँडाज गेली, नमपाय गेली, तारखांचं लटांबर गेलं. उरली ओपनपायएक्सएल आणि तिची ती छोटी सोबतीण. फोल्डरचा आकार इतका उतरला की मागच्या खाच्यातून मंद चालणाऱ्या पेनड्राइव्हवरूनही तो चुटकीसरशी उतरू लागला. माझं मत विचाराल तर बांधाबांधीच्या साधनांवर महिनाभर डोकं खपवण्यापेक्षा, काय काय न नेता भागेल हे ठरवण्यात घालवलेली एक संध्याकाळ जास्त कामाची.

लायब्रऱ्यांच्या परवान्यांबद्दल थोडं, कारण आपल्याकडे हे कोणी बघत नाही. या लायब्रऱ्या फुकट असल्या तरी बेवारस नाहीत. ओपनपायएक्सएल वाटायला मुभा आहे, तिचा परवाना सोबत ठेवायचा. पायइन्स्टॉलरचा परवाना कडक घराण्यातला, पण त्याने बांधलेला प्रोग्रॅम कसाही वाटायला खास सूट दिलेली आहे. हे कागद मी फोल्डरमध्ये ठेवले.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या आणि प्रोग्रॅम खऱ्या कामाला लागला. पुढे अर्नाळ्याच्या ओळखीच्या एकांनीही तो मागितला. ईमेलने पाठवायला गेले तर जीमेल इएक्सई स्वीकारत नाही, झिपमध्ये लपवली तरी ओळखून अडवतं. ड्राइव्हवर ठेवून लिंक दिली. त्यांचा संगणक विंडोज ११ चा. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटवर सुखाने चालतो, त्यामुळे ती अडचण नव्हती. पण इंटरनेटवरून उतरवलेली अनोळखी प्रकाशकाची फाइल म्हणून विंडोजने निळी चौकट दाखवली आणि ते घाबरले. ती चौकट येऊ नये तर प्रोग्रॅमवर डिजिटल सही हवी, सहीसाठी प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्राला दर वर्षी पैसे. तेवढे पैसे ना माझ्याकडे, ना सोसायटीकडे. शेवटी मामाच्या ओळखीचा एक जण तिकडे जाणार होता, त्याच्याजवळ पेनड्राइव्ह दिला. पेनड्राइव्हवरून गेलेल्या प्रतीला ती चौकट आडवी आली नाही.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. असा बांधलेला प्रोग्रॅम जिथल्या तिथे थिजतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये थांबवला, पायथन ३.८ चा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. त्यानंतर सापडलेले दोष माझ्या फोल्डरमध्ये तसेच राहणार, कारण आतल्या लायब्रऱ्या आपोआप नव्या होत नाहीत. कोणीतरी पुन्हा बांधायला हवं. प्रोग्रॅम इंटरनेटला हात लावत नाही, बाहेरची फाइल वाचत नाही, ताईंनी भरलेले दोन तक्ते तेवढे वाचतो, म्हणून मला हे चालण्यासारखं वाटतं. पैशांची देवघेव करणारा किंवा जाळ्यावर उघडा असलेला प्रोग्रॅम असा बांधून विसरून जाणं मला मान्य नाही.

इएक्सईमधून मूळ स्क्रिप्ट सहजासहजी वाचता येत नाही. म्हणून त्याच फोल्डरमध्ये मी स्क्रिप्ट उघडी ठेवली आहे, लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी ठेवली आहे, वापरलेल्या व्हील फाइली ठेवल्या आहेत, आणि कुठल्या सिस्टीमवर कुठला आदेश देऊन बांधलं हे मराठीत एका पानावर लिहिलं आहे. त्या पानाची छापील प्रत ताईंनी डिझेलच्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेला मामाचा मुलगा ते पान समोर ठेवून स्वतः एक प्रत बांधून गेला, मला फोन न करता.

वसई-विरारच्या गावांतून रोज सकाळी लोकलने किती पोरं-पोरी अंधेरी-मालाडच्या संगणकांवर कामाला जातात. त्यांना एवढंच सांगणं आहे: एखाद्या रविवारी आपल्या गावच्या सोसायटीत, पतपेढीत, ग्रंथालयात जाऊन तिथलं जुनं यंत्र बघा, आणि तिथे बसणाऱ्या माणसाला विचारा की हाताने काय करावं लागतं. लिहाल ते शिध्यासकट द्या, आणि मूळ स्क्रिप्ट त्यांच्याकडेच ठेवून या.